काका, भोजबासाला ओरडलात त्याबद्दल

आदरणीय काकांना सा. न.,

गोमुखाहून, म्हणजे भागीरथी हिमनदीतून बाहेर पडते तिथून, येऊन तीन आठवडे झाले. जिन्यात आभार मानायला गेले की तुम्ही पाण्याच्या टाकीचा विषय काढता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

आपण नाशिककर गोदेवर निघालो तरी "गंगेवर जाऊन येते" म्हणतो. त्यामुळे आई "भागीरथीचं पाणी आण" म्हणाली तेव्हा मी हसलेच होते. तुम्ही हसला नाहीत. तीन महिने दर रविवारी त्र्यंबकला नेऊन गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लावल्यात. बोलताना धाप लागली की तिथेच बसवायचात. खरं सांगू? मला तेव्हा तुमचा वैताग यायचा.

गंगोत्री ते गोमुख साधारण 18 किलोमीटर. दिवसाला 150 जणांनाच परवाना, तो खटाटोपही तुमचाच. वाटेतल्या चीरबासापर्यंत मी फुशारकीत तुमच्या पुढे होते. पुढच्या मुक्कामाला, भोजबासाला, डोकं ठणकायला लागलं. ती जागा 3,800 मीटरच्या आसपास, आपलं नाशिक 600 च्या! तरी त्याच दुपारी गोमुख उरकायचा माझा हट्ट. तेव्हा तुम्ही ओरडलात, "बस खाली! गंगा कुठे पळून जात नाही."

बाकीचे पुढे गेले, तुम्ही थांबलात. ठरवून आलेला तुमचा दिवस माझ्यापायी गेला. रात्री दर तासाला तंबूबाहेरून "पाणी प्यालीस का?" आणि एकदा अगदी शांतपणे, "दुखणं वाढलं तर अंधारातच खाली उतरायचं."

सकाळी डोकं उतरलं. दगडधोंड्यांतून चार किलोमीटर रमतगमत गेलो. मी पांढराशुभ्र बर्फ बघायला गेलेले, समोर धुळीने माखलेली काळपट भिंत आणि तिच्या पोटातून उसळणारं राखाडी पाणी. तुम्ही बरंच अलीकडे थांबवलंत म्हणून मी रुसले. तेवढ्यात वरून एक ढेप सुटली आणि धाडकन प्रवाहात पडली. मग गुपचूप खालच्या अंगाला बाटली भरली.

घरी येईपर्यंत बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला. "हिमनदीनं दळलेलं दगडाचं पीठ," तुम्ही म्हणालात. आईने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "हे रामकुंडावरचं नाही ना गं?"

तुमची काठी माझ्याकडेच राहिलीये. रविवारी साडेपाचला खाली घेऊन येते. गंगाद्वारला जायचंय ना?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची