आमचे दोर परत करा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

बावीस वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो आहे. सरकारला अर्जापलीकडे कधी काही लिहिलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका शनिवारानं हे पत्र लिहायला लावलं.

एका अभयारण्यातल्या सुळक्यासाठी आम्ही सप्टेंबरातच लेखी परवानगी मागितली. "दिवाळीनंतर या, होऊन जाईल," असा शब्द मिळाला. दिवाळीनंतर चार खेपा घातल्या. शेवटी "जा तुम्ही, नाक्यावर सांगून ठेवतो," या तोंडी भरवशावर पाच जण निघालो आणि पहाटे सहाला नाक्यावर अडवले गेलो. वनरक्षकानं पुढं केलेला मनाई आदेश धबधब्यांसाठीचा, पावसाळ्यातला, मुदत सप्टेंबरातच संपलेला. तारखेवर बोट ठेवलं तर म्हणाला, "मला वरून सांगितलंय." दुपारी दोनपर्यंत बसवून ठेवलं. दोन दोर, कमरेला बांधायचे हार्नेस, दोर अडकवायच्या कड्यांची म्हणजे कॅराबिनरची पिशवी काढून घेतली. पंचनामा नाही, पावती नाही. तेवढ्या वेळात स्पीकर दणाणणाऱ्या गाड्या प्रवेशशुल्क भरून खुशाल आत गेल्या.

त्या वनरक्षकावर माझा राग नाही. त्याच्या हातात नियमाचा कागदच कोणी दिलेला नाही.

आम्हाला सगळीकडे मोकळं रान नकोय. लांबचोचीची गिधाडं हिवाळ्यात कड्याच्या कपारीत घरटी करतात. ती भिंत तेवढे महिने बंद ठेवा, आम्ही स्वतः राखण करू. पावसाळ्यात कातळच चढू देत नाही. पण कोणता कडा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद, एवढं नाक्यावर लिहून लावायला काय लागतं? ऑगस्ट 2021 मध्ये शासनानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटन खातं म्हणतं नोंदणी करा, वन खातं म्हणतं तो कागद इथं चालत नाही, आणि किल्ला असला की पुरातत्त्व खातं तिसरंच सांगतं.

बंदीनं कडा सुरक्षित होत नाही. आपला सह्याद्रीचा कातळ, बेसॉल्ट, एका हाताला घट्ट, दुसऱ्या हातात सुटून येणारा. त्यात ठोकलेल्या मेखा चार महिन्यांच्या पावसात गंजतात, आणि त्या बदलायला कोणीतरी वर जावंच लागतं. आम्हाला अडवलंत तरी चोरून जाणारी पोरं जातातच, त्याच गंजक्या मेखांना लटकतात.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात रात्री साडेअकराला याच भागातून फोन आला, मुलगा घळीत पडलाय. तेव्हा हाच नाका सताड उघडा होता. परवाना कोणी विचारला नाही. सहा तास पावसात उभे राहून त्याला वर आणलं, तो गेलेला होता. त्याच्या वडिलांनी माझा हात धरला तो सुटेना. आमच्यातला एक जण अजून झोपेत ओरडतो. त्याची विचारपूस करायला एकही साहेब आलेला नाही.

जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तीस माणसं गेली. दरीत दोर सोडून मृतदेह वर काढले ते गिर्यारोहकांनी. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही मदतीला ट्रेकर मंडळी चिखल तुडवत वर गेली. अशा रात्री पोलीस, तहसीलदार हक्कानं फोन करतात. अंधारात, ओल्या कातळावर, माणूस बांधून ओढायला शिकायचं तर ते हॉलमधल्या सरावाच्या कृत्रिम भिंतीवर शिकता येत नाही. मग आम्ही सराव कुठं करायचा?

आणि हे एका खात्याचं दुखणं नाही. या राज्यात अपघात झाला की बंदी, मग ते धरण असो, धबधबा असो की कडा. बंदीचा आदेश एका दिवसात निघतो, कारण त्याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. परवानगी वर्षभर निघत नाही, कारण सही करणाऱ्याला उद्याची भीती. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंद साठ मावळ्यांनिशी रात्री पन्हाळ्याचा कडा चढले, हे तुमच्याच व्यासपीठांवरून आम्ही ऐकत मोठे झालो. आज दोर घेऊन निघालो तर चोर ठरतो.

तीन आठवडे झाले. परवा सामान मागायला गेलो तर दोर चौकीत जनरेटरशेजारी, डिझेलच्या ओघळात पडलेले. अशा दोरावर कोणाचाही जीव टांगायचा नाही, हा आमचा नियम. पंधरा-पंधरा हजारांचे दोर आता कापून टाकावे लागतील. तरीही मला ते परत हवेत. त्यातल्या निळ्या दोरानं त्या मुलाला वर आणलं होतं.

आपला,
एक प्रस्तरारोहक, पुणे