गारपिटीतल्या गाडीचे ‘पंचाहत्तर टक्के’ नेमके कशाचे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मराठवाड्यात आणि विदर्भात गारा पडतात, हे येथील माणसाला नवे नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गारपिटीने रब्बीची उभी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या होत्या. गारपीट झाली की आपल्या वृत्तपत्रात द्राक्षांचे, हरभऱ्याचे आणि ज्वारीचे पंचनामे, त्यांना होणारा विलंब आणि हाती पडणारी तुटपुंजी भरपाई यांच्या बातम्या प्रामुख्याने येतात, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याच्या नुकसानीपुढे गाडीवर पडलेल्या पोच्यांची तक्रार करायला संकोच वाटतो. तरीही अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा टप चाळणीसारखा दिसू लागल्यावर विमा कंपनी तिची दुरुस्ती करून देणार की ती ‘टोटल लॉस’ ठरवून निकालात काढणार, हे कोणत्या हिशेबाने ठरते याविषयी वाहनधारकांना फारशी माहिती नसते. गेल्या काही आठवड्यांत मी स्वतः त्या हिशेबात अडकलो आहे आणि त्यातली एक संदिग्धता चव्हाट्यावर यावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम नियम सांगतो. वाहन विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आग, चोरी, पूर, वादळ यांच्याबरोबर गारपिटीचाही स्पष्ट उल्लेख असतो; मात्र ज्यांनी केवळ सक्तीचा ‘थर्ड पार्टी’ विमा उतरवला आहे, त्यांना गारपिटीबद्दल एक रुपयाही मिळत नाही. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी गाडीची एक किंमत ठरते, जिला पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ म्हटलेले असते. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत उत्पादकाच्या किमतीतून किती घसारा वजा करायचा याचे कोष्टक ठरलेले आहे: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, तेथून चढत जाऊन चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर ही किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. गाडी दुरुस्त करण्याचा खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून, या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला, तर गाडी अक्षरशः नष्ट झालेली नसली तरी ती नष्ट झाली असे मानून, म्हणजे ‘टोटल लॉस’ धरून, भरपाई द्यायची, असे पॉलिसीत लिहिलेले असते.

वाचताना हे वाक्य सरळ वाटते. ‘अटी-शर्तींच्या अधीन राहून’ या चार शब्दांत किती पैसे दडलेले आहेत, हे मला गॅरेजमध्ये कळले.

माझी गाडी सात वर्षांची, १२०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी, छोटी. मार्चमधल्या एका संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पंधरा-वीस मिनिटे पडल्या. पुढची आणि मागची काच तडकली, दोन्ही आरसे आणि हेडलाइट फुटले, आणि टप, बॉनेट, डिकी व पुढच्या चाकांवरचे दोन्ही पत्रे पोच्यांनी भरून गेले. दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या चावीला सुरू झाले. काचांचे तुकडे झटकून मी गाडी स्वतः चालवत गॅरेजमध्ये नेली. तिसऱ्या दिवशी कंपनीने नेमलेले सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारे, आले. त्यांनी दिवसाउजेडीसुद्धा मोबाइलचा टॉर्च टपावर अगदी आडवा धरला, म्हणजे उथळ पोच्याचीही सावली पडते, आणि प्रत्येक पोच्याभोवती खडूने गोल काढत गेले. केवळ टपावर त्रेसष्ट गोल झाले. माणूस कामाला चोख होता आणि त्याच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

खरा प्रश्न टपाचा होता. रंग तडकला नसेल तर आतून सळईने दाब देऊन, रंगाला हात न लावता पोचा उठवता येतो. परंतु हे कसब असलेला कारागीर मला लातुरात सापडला नाही. उरतात ते दोन मार्ग. पहिल्यात आतले अस्तर उतरवून टप ठोकून-ओढून सरळ करतात आणि वर लांबी (पुट्टी) भरून रंग देतात. दुसऱ्यात जुना टप कापून काढतात आणि नवा पत्रा वेल्डिंगने बसवतात. दुसऱ्या मार्गात काचा, अस्तर, वायरिंग, सगळेच उतरवावे लागते आणि खर्च एकदम वर जातो. पहिले इस्टिमेट टप ठोकण्याचे होते आणि त्यावर सर्व्हेअरांनी ‘दुरुस्ती’ असा तोंडी कौल दिला. अस्तर उतरवल्यावर मात्र फोरमनला आतील आडव्या पट्ट्याही दबलेल्या दिसल्या, त्याने टप बदलण्याची शिफारस केली आणि नवे इस्टिमेट करांसह २,१८,००० रुपयांवर गेले. माझी आयडीव्ही २,८०,००० रुपये. तिचे ७५ टक्के म्हणजे २,१०,०००. आठ हजारांच्या फरकाने माझी चालती गाडी कागदावर नष्ट झाली, आणि आठवड्याने मला तसा फोन आला.

येथे माझा प्रश्न सुरू होतो. विमा कंपनी २,१८,००० रुपये कधीच देणार नव्हती, कारण बदललेल्या भागांच्या किमतीतूनही घसारा कापला जातो. काचेवर घसारा लागत नाही, म्हणून काचांचे २४,००० पूर्ण मिळतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के कपात होते, म्हणून पत्र्याच्या ५२,००० रुपयांपैकी ३१,२०० मिळतात. प्लास्टिकच्या भागांवर सरसकट निम्मी कपात असते, म्हणून दिवे, आरसे वगैरेंच्या ४८,००० रुपयांचे २४,००० होतात. डेंटिंगसह सगळी मजुरी ३४,००० रुपये, ती पूर्ण मिळते. रंगकामाच्या ६०,००० रुपयांपैकी चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याचा निम्मा, म्हणजे ७,५०० रुपये, कापला जातो आणि ५२,५०० उरतात. बेरीज १,६५,७००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेली की कंपनीचे देणे १,६४,७०० रुपये होते. हा आकडा २,१०,००० च्या बराच खाली आहे. उरलेले ५३,३०० रुपये माझ्या खिशातून जाणार होते आणि ते भरण्याची माझी तयारी होती.

मग ७५ टक्क्यांशी ताडून पाहायचा तो आकडा कोणता? गॅरेजचा पूर्ण खर्च, की घसारा वजा जाता कंपनीवर येणारा खर्च? मी विचारले तेव्हा फोनवरील अधिकाऱ्याने ‘इस्टिमेटच पाहतात’ असे ठामपणे सांगितले. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी अपघात झाला होता. त्यांची पॉलिसी याच कंपनीची आणि कलमही शब्दशः हेच. त्यांना गाडी टोटल लॉसमध्ये द्यायची होती, कारण ती तिरकी झाली होती आणि पुन्हा सरळ चालेल असा त्यांना भरवसा नव्हता. त्यांचे इस्टिमेट आयडीव्हीच्या ८० टक्क्यांवर गेले होते. त्यांना मात्र ‘अटी-शर्तींच्या अधीन’ याचा अर्थ घसारा वजा करून, असा सांगण्यात आला आणि दुरुस्ती स्वीकारावी लागली. एकाच वाक्याचे दोन अर्थ असू शकतात, हे मी समजू शकतो; पण दोन्ही वेळा अर्थ कंपनीच्या सोयीचाच कसा निघाला, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

सोय कशी, तेही सांगतो, कारण गारपिटीच्या गाडीची गोम येथेच आहे. सर्व्हेअरच्या अहवालात बहुधा तीन-चार हिशेब शेजारी-शेजारी मांडलेले असतात: दुरुस्ती केल्यास किती देणे, टोटल लॉस केल्यास किती, भंगाराची किंमत वजा करून गाडी मालकाकडेच ठेवल्यास किती, आणि कधी कधी दुरुस्ती न करता रोख दिल्यास किती. अपघातात चेंबलेल्या किंवा इंजिनात पाणी गेलेल्या गाडीला भंगारात फारसा भाव येत नाही. गारांनी पत्रा आणि काचा खराब होतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, एसी यांना धक्काही लागत नाही. त्यामुळे भंगार घेणारे व्यापारी अशा गाडीवर चढाओढीने बोली लावतात. माझ्या गाडीला १,४०,००० रुपयांची बोली आली, असे मला सांगण्यात आले. आता गणित पाहा. दुरुस्ती केली तर कंपनीचे १,६४,७०० जातात. टोटल लॉस करून मला (आयडीव्हीतून १,००० ची वजावट जाऊन) २,७९,००० दिले आणि गाडी १,४०,००० ला विकली, तर कंपनीचे १,३९,००० जातात. म्हणजे चालत्या गाडीला ‘नष्ट’ म्हणण्यात कंपनीचे २५,७०० रुपये वाचतात.

मला दिलेला पर्यायही असाच आहे. गाडी हवी असेल तर ठेवा, आम्ही १,३९,००० देतो, दुरुस्ती तुमची तुम्ही करा, असे कंपनी म्हणते. तसे केले तर दुरुस्तीसाठी माझ्या खिशातून ५३,३०० ऐवजी ७९,००० रुपये जातील. फरक पुन्हा तोच, २५,७०० रुपयांचा. ही बोली कोणी लावली, किती जणांनी लावली, ती लेखी आहे की नाही, यांपैकी काहीही मला दाखवण्यात आलेले नाही. केवळ आकडा फोनवर ऐकवण्यात आला.

गाडी देऊन टाकण्याबाबत आणखी एक धास्ती आहे, ती थोडक्यात नोंदवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. गारपिटीतली गाडी मात्र निकामी होत नाही. व्यापारी तिला रंगवून पुन्हा रस्त्यावर आणतो. हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून आपण मोकळे होतो आणि पुढच्या माणसाने नाव बदलून घेतले नाही, तर आरसीवर आपलेच नाव राहते. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्यांनी गाडी दिली असेल त्यांनी तेवढी खातरजमा अवश्य करावी.

या प्रकरणात माझीही एक चूक आहे आणि ती लपवणे बरोबर होणार नाही. गेल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ऑनलाइन अर्जात आयडीव्ही ३,२०,००० दाखवली जात होती. तिच्याशेजारी सरकपट्टी होती. ती डावीकडे सरकवली की हप्ता उतरत होता. सुमारे सातशे रुपये वाचतात म्हणून मी ती २,८०,००० वर आणली. तशीच ठेवली असती तर ७५ टक्क्यांची रेषा २,४०,००० वर गेली असती, इस्टिमेट तिच्या खाली राहिले असते आणि हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. गाडी जुनी झाली, आता किंमत कशाला जास्त दाखवायची, असा विचार आपल्यातील पुष्कळजण करतात. टोटल लॉस झाल्यावर आयडीव्हीच हाती येते हे आपल्याला ठाऊक असते. गाडी टोटल लॉस ठरेल की नाही हेदेखील त्याच आकड्यावर ठरते, हे मला तोवर सुचले नव्हते. माझ्या गाडीसारखी गाडी आज लातूरच्या बाजारात साडेतीन लाखांच्या खाली मिळत नाही. पट्टी सरकवताना पडद्यावर हप्त्याचा आकडा ठळक दिसत होता आणि या परिणामाविषयी एक ओळही नव्हती, हेही येथे नमूद करतो.

विमा नियामक प्राधिकरणाने या बाबतीत फार मोठे काही करण्याची गरज नाही. ७५ टक्क्यांशी ताडायचा खर्च घसाऱ्यापूर्वीचा की नंतरचा, हे पॉलिसीच्या त्याच वाक्यात लिहिण्याची सक्ती करावी. सर्व्हेअरच्या अहवालातील सर्व हिशेब आणि भंगाराच्या बोलीची प्रत, ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता, निर्णयाबरोबरच त्याला द्यावी. आणि गाडी चालण्याच्या स्थितीत असताना, स्वतःचा वाटा भरून दुरुस्ती करून घेण्याची मालकाची लेखी तयारी असेल, तर केवळ भंगाराला चांगला भाव आला म्हणून त्याच्यावर टोटल लॉस लादता येऊ नये. दुरुस्ती खर्चिक असूनही गाडी पुन्हा सुरक्षित होणार नसेल, तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्यांच्या गाडीबाबत तसाच विचार व्हायला हवा होता.

माझ्यासारख्या अडचणीत असलेल्या वाचकांच्या माहितीसाठी सांगतो की, प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालाचे कार्यालय मुंबईप्रमाणे पुण्यातही आहे. तोवर दुरुस्ती सुरू करू नये आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये, असा सल्ला मला एका वकील स्नेह्यांनी दिला आणि तो मी पाळत आहे.

माझी लेखी तक्रार दाखल होऊन एकोणीस दिवस झाले आहेत. गाडी गॅरेजच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे, टपावरचे खडूचे गोल अजून पुसलेले नाहीत, आणि फोरमन दर दोन दिवसांनी ‘कापायचा की ठोकायचा’ एवढेच विचारतो.

आपला नम्र,
एक वाहनधारक, लातूर