"तुम्ही मुलीच्या कोण?"

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी घरी पाचवी ते सातवीचे क्लास घेते. गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी गणित सोडवता सोडवता थांबली, पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत वहीवर दाबत राहिली आणि म्हणाली, टीचर, मी उद्यापासून पीटीला नाही जाणार. मग हळूहळू सगळं सांगितलं, शाळेतला एक माणूस तिच्याशी नको तसं वागत होता. रात्री तिच्या आईला फोन केला तर ती रडायलाच लागली, म्हणाली कंपनीत सुट्टी देत नाहीत, तुम्हीच काहीतरी करा. म्हणून सकाळी मी शाळेत गेले, तर पहिलाच प्रश्न, तुम्ही मुलीच्या कोण? पालकांच्या सहीचा अर्ज आणा, मग बघू.

हे साफ चुकीचं आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये असा प्रकार ज्याला कळला किंवा होईल अशी भीती वाटली त्या कुणीही पोलिसांना कळवायचं असतं, मग तो शेजारी असो, व्हॅनवाले काका असोत नाहीतर स्वतः मूल. सही-बिही काही लागत नाही, आणि कळूनही संस्थाप्रमुख गप्प बसला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं पोलिसांना कळवलं नाही म्हणून संस्थाचालक आणि मुख्याध्यापिकेवरही गुन्हा दाखल झाला, तरी आपल्या शाळा अजून सहीच मागतायत!

मी त्याच संध्याकाळी पोलीस स्टेशनला गेले. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या ड्रेसमध्ये मुलीच्या घरी आल्या, आईच्या शेजारी बसूनच ती बोलली. हे पण कायद्यातच आहे, पण लोकांना माहीत नसतं म्हणून ते चौकीच्या नावाने घाबरतात.

नंतर शाळेतल्या मावशी मला गेटवर भेटल्या. त्यांनी आधीच पाहिलं होतं, आणि तोच माणूस त्यांनाही घाणेरडं बोलायचा. पण आम्ही कंत्राटी, आमचं कोण ऐकणार म्हणाल्या. मावशी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी बाईलाही तक्रार करता येते, शाळेच्या अंतर्गत समितीकडे, दहापेक्षा कमी स्टाफ असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, फक्त तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, समितीत कोण आहे तेही माहीत नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या पेपरात एक चौकट छापा. वर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर मोठ्या अक्षरात, आणि खाली एवढंच की तक्रार कुणीही करू शकतं.

आपली,
क्लास घेणारी एक वाचक, ठाणे जिल्हा