शोधण्याआधी आठवू द्या

महोदय,

उत्तर इंटरनेटवर क्षणात सापडते, मग ते लक्षात कशाला ठेवायचे, हा विचार विद्यार्थ्यांमध्येच नव्हे, तर शिक्षकांमध्येही रुजत चालला आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. संशोधक बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या एका प्रयोगात, टाइप केलेली विधाने संगणकात जतन होणार असे ज्यांना सांगितले होते, त्यांना ती इतरांपेक्षा कमी आठवली. याच अभ्यासातील दुसरा एक प्रयोग २०१८ मध्ये पुन्हा केला असता तोच निष्कर्ष मिळाला नाही, त्यामुळे इंटरनेटने स्मृती नष्ट केली, असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही.

खरा प्रश्न आठवण्याच्या श्रमाचा आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात तो अधिक टिकला होता. सर्च इंजिन नेमके हेच श्रम वाचवते. शिवाय नवी माहिती समजते ती आधीच्या माहितीच्या आधारावर, आणि ज्याच्या मनात विषयाची काहीच शिदोरी नाही, त्याला नेमका प्रश्न विचारणेही (आणि चुकीचे उत्तर ओळखणे तर त्याहून) कठीण जाते. म्हणून वर्गात इंटरनेटवर बंदी घालण्याऐवजी, आधी जे आठवते ते चुकतमाकत का होईना कागदावर उतरवायचे आणि मगच शोध घेऊन पडताळायचे, असा क्रम शिक्षकांनी लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक