खिळ्यापासून मोज

ती. अप्पांस,
सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले.

मी अकरावीत होते. मे सरत आलेला, गुहागरच्या आमच्या घराच्या पडवीची कौलं उतरवलेली आणि पाऊस यायच्या आत नवे वासे चढवायची तुमची घाई. मी जोत्यावर बसून रेषेच्या समीकरणाचं बिंदू-चढ रूप घोकत होते. सूत्र तोंडपाठ होतं, पण वजा-अधिकात दर वेळी घसरायची.

"काय घोकतेस गो?" तुम्ही विचारलंत. म्हटलं, एक बिंदू आणि चढ दिला की रेषा सापडते. "मग त्यात पाठ काय करायचंय?" म्हणत तुम्ही सुतळीचं टोक माझ्या हातात दिलंत.

बाजूच्या भिंतीत, खांबापासून दोन फूट आत आणि जमिनीपासून सात फुटांवर तुम्ही खिळा मारलात. उतार ठरलेला, फुटाला सहा इंच. "आता खिळ्यापासून मोज. जमीन विसर." घराची भिंत खांबापासून आठ फुटांवर, म्हणजे खिळ्यापासून सहा. सहा फुटांना तीन फूट चढ. सात नि तीन दहा. तिथे खूण करून तुम्ही सुतळी ताणलीत. मध्ये, खांबापासून पाच फुटांवर मी टेप लावली, तर बरोबर साडेआठ!

खांबापासूनचं अंतर एक्स, जमिनीपासूनची उंची वाय धरून, तुमच्या कानावरची पेन्सिल घेऊन मी फळीवर लिहिलं: वाय वजा सात बरोबर एक छेद दोन, कंसात एक्स वजा दोन. लिहितानाच उमगलं, हे दोन्ही वजा म्हणजे खिळ्यापासूनचं अंतर. एक उभं, एक आडवं. उभ्याला आडव्यानं भागलं की चढ; सूत्रात तोच भागाकार गुणाकार करून मांडलेला. एक्सच्या जागी शून्य घातलं, वायची किंमत सहा आली. खांब सहा फुटांचाच होता.

मग मी सरळ खाली लोंबणाऱ्या ओळंब्याच्या दोरीचा चढ विचारला. "ती पुढे सरकतच नाही, फुटाला किती ते कसं सांगू?" शून्यानं भागता येत नाही, हे याहून सोपं करून मला कुणी सांगितलेलं नाही. उभ्या रेषेला हे रूप लागूच पडत नाही, तिचं समीकरण नुसतं एक्स बरोबर अमुक.

आता मी चिपळूणला अकरावीलाच शिकवते. सूत्राआधी पिशवीतून सुतळी काढते. कुणी वजाला अडलं की तुमचेच शब्द तोंडात येतात.

ती फळी माळ्यावर जपून ठेवलीय, अप्पा. गणपतीत येईन तेव्हा घेऊन येते.

तुमची,
वरच्या घरातली बाय