बर्लिनमधली ‘तसली’ वस्ती आणि आमचा नकार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिकायला-नोकरीला जाणाऱ्या मुलांनी भाड्याची जागा कशी शोधावी यावर लेख आलाय तो वाचला. चांगला आहे, कागदपत्रांचं सगळं नीट दिलंय, पण शेवटी एक वाक्य टाकलंय की बाहेरून आलेल्या लोकांच्या वस्त्या शक्यतो टाळाव्यात, आणि त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो, कारण तेच वाक्य मी २०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला फोनवर ऐकवलं होतं आणि त्याचे सात महिने तिने भोगले, मी नाही.

झालं असं की मुलगी माग्डेबुर्गला एमएस झाली आणि तिला बर्लिनमध्ये नोकरी लागली. ऑफिस अलेक्झांडरप्लाट्झच्या जवळ. जागा शोधता शोधता तिला नॉयकोल्न नावाच्या भागात दोन मुलींबरोबर शेअरिंगमध्ये एक खोली मिळत होती, १४ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने दीडशे स्क्वेअर फूट, हीटिंगसकट ६२० युरो, तेव्हाचे ५५ हजार रुपये धरा. आपल्याला आकडा ऐकून घाम फुटतो पण बर्लिनमध्ये हे परवडणारं समजतात. तिने आनंदाने फॅमिली ग्रुपवर पत्ता टाकला आणि अर्ध्या तासात आमच्या मेव्हण्यांनी एक व्हिडिओ टाकला. नुकत्याच झालेल्या थर्टीफर्स्टच्या रात्रीचा, फटाके आणि रॉकेट सरळ अग्निशमनच्या गाड्यांवर मारतायत, खाली लिहिलेलं नॉयकोल्न. आणि मेव्हण्यांचा मेसेज, तिकडे सगळी तुर्की आणि अरब मुसलमानांची वस्ती आहे, पोरीला तिथं ठेवणार का. व्हिडिओ खोटा नव्हता बरं का, तसं खरंच झालं होतं. पण एका रात्रीतल्या काही चौकांचं शूटिंग बघून मी सवातीन लाख माणसांच्या भागाला नाही म्हटलं, आणि मुलगी म्हणत होती पप्पा मी जाऊन आलेय, जिना स्वच्छ आहे, रात्री नऊला एकटी चालत स्टेशनला आले, तरी मी म्हटलं नाही म्हणजे नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. हातची खोली गेली आणि तिची घाई सुरू झाली, आणि घाईतल्या माणसाला हुडकणारे लोक बर्लिनमध्ये भरपूर आहेत. एकाने फोटो पाठवले, एकदम मध्यवस्तीत, स्वस्त, मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिटचे अठराशे युरो पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. ती पाठवणारच होती, ऑफिसातल्या मैत्रिणीने अडवलं म्हणून वाचले. लेखात हे यायला हवं होतं, की जागा डोळ्याने बघितल्याशिवाय एक सेंटही पाठवायचा नाही. आणि मालक रजिस्ट्रेशनसाठीचा कागद देणार का ते आधीच विचारायचं, त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात, हा शब्द पाठ करायला मला दोन दिवस लागले, पण तो कागद नसेल तर आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी होत नाही, नोंदणी नाही तर टॅक्सचा नंबर अडकतो आणि पगारातून सगळ्यात जास्त दराने टॅक्स कापला जातो. डिपॉझिटही तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तेही काल्टमीटे म्हणजे हीटिंग-बिटिंग सोडून जे ‘थंड’ भाडं असतं त्याच्या हिशेबाने, आणि तीन हप्त्यांत भरायची सोय कायद्यातच आहे. कुणी सांगत नाही.

शेवटी शहराच्या पार कडेला, आमच्या मेव्हण्यांना पसंत पडेल अशा एका शांत, नीटनेटक्या भागात तिने ८९० युरोची एकटीची खोली घेतली. नाव लिहीत नाही, त्या भागाचा काही दोष नाही. जायला पंचावन्न मिनिटं, यायला पंचावन्न. शेजारी सगळे म्हातारे, गुटन टाग म्हणून दार लावून घेणारे, रविवारी तर दुकानंही बंद. सात महिने पोरगी आठवड्यातून दोन दिवस तोंड न उघडता राहिली असं तिनेच नंतर सांगितलं, तेव्हा आमच्या मंडळींनी माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही. ऑक्टोबरात तिने मला न विचारता नॉयकोल्नमध्ये खोली घेतली. तीच नाही, दोन गल्ल्या सोडून दुसरी, आणि आता ७१० युरो.

इथं मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. १९८८ साली माझी नाशिकला बदली झाली तेव्हा गंगापूर रोडला एक जागा बघायला गेलो होतो. मालकीणबाईंनी चहा दिला, सगळं ठरत आलं, मग विचारलं गाव कोणतं. म्हटलं अमळनेरकडचे. म्हणाल्या, अच्छा खानदेशी का, तुमच्याकडे पाहुणे फार येतात हो, आणि त्या काळ्या मसाल्याच्या भाजीचा ठसका आमच्या ह्यांना सहन होत नाही. (पाहुणे फार येतात हे खरं आहे, ते नाकारत नाही.) मग सिडकोत आलो. तेव्हा सिडकोला सगळा बाहेरचाच भरणा म्हणायचे, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेले आमच्यासारखे, आणि जुन्या नाशिकमधले लोक रात्री तिकडे जाऊ नका म्हणून एकमेकांना सांगायचे. म्हणजे तो ‘तिकडे’ मीच होतो. हे सगळं माहीत असून पस्तीस वर्षांनी मीच पोरीला तेच ऐकवलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने राहून आलो. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच वाहतूक नियंत्रक म्हणून, त्यामुळे माझी एक खोड आहे, गाव कसं आहे ते मी त्याच्या स्टँडवरून ठरवतो, तेही दिवसा नाही, वस्तीची गाडी येते त्या वेळेला. तर पोचल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला निघालो, तर जूनमध्ये तिथं साडेदहालाही आभाळात उजेड! म्हटलं हे काही खरं नाही, शनिवारी रात्री साडेबाराला परत गेलो, मुलगी बरोबर आली कारण तिला वाटलं मी हरवेन.

हेरमानप्लाट्झ हे तिथलं मेट्रो स्टेशन, त्याचा जिना खराब आहे, सरळ सांगतो. नशा करणारी पोरं पायऱ्यांवर बसलेली, एक जण भिंतीला टेकून झोपलेला, मुतारीचा वास, आपल्या कुठल्याही मोठ्या स्टँडच्या मागच्या बाजूला येतो तसलाच. मुलगी म्हणाली मी रात्री इथं उतरतच नाही, एक-दोन स्टेशन पुढे रातहाउस किंवा कार्ल-मार्क्स-श्ट्रासला उतरते. हे तिला कुठल्या लेखाने नाही, तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मग चालत झोनेनआले नावाच्या रस्त्यावर आलो आणि तिथं रात्री पाऊण वाजता लहान पोरं बापाच्या मांडीवर बसून मिठाई खातायत, बायका बाबागाड्या घेऊन गप्पा मारतायत, दुकानांवर अरबी पाट्या, मोठमोठ्या ताटांत कुनाफा नावाची त्यांची मिठाई. या लोकांतले बरेच लेबनॉनच्या यादवीच्या वेळी आलेले, सीरियाचे २०१५ च्या आसपास आलेले. मला मालेगावचा रमजान महिन्यातला बाजार आठवला, तिथं माझी तीन वर्षं ड्यूटी होती. एवढी बायका-पोरं ज्या रस्त्यावर मध्यरात्री निवांत बसतात तो रस्ता मी तरी धोक्याचा मानत नाही, यावर मेव्हण्यांशी माझं अजून एकमत झालेलं नाही.

तिथल्या इतिहासाची एक गंमत कळली ती सांगतो. या भागाचं जुनं नाव रिक्सडोर्फ. १७३७ साली बोहेमियातून, म्हणजे आताच्या चेक देशातून, धर्मापायी पळून आलेल्या लोकांना प्रशियाच्या राजाने इथं जागा दिली, त्यांची बैठी घरं अजून आहेत, मुलीच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर, चौकात मधोमध जुनी लोहाराची भट्टी. म्हणजे बाहेरून आलेल्यांची वस्ती हा प्रकार तिथं पावणेतीनशे वर्षांपेक्षा जुना! पुढे दारूचे गुत्ते आणि नाचगाण्याने रिक्सडोर्फचं नाव इतकं खराब झालं की १९१२ मध्ये त्यांनी गावाचं नावच बदलून नॉयकोल्न केलं. आता तेही खराब झालं. आणि ज्या वस्तीला आमच्या ग्रुपवर मुसलमानांची म्हणून टाकून दिलं त्याच नॉयकोल्नमध्ये हासेनहायडे बागेच्या कडेला गणपतीचं देऊळ आहे (बांधकाम वर्षानुवर्षं रखडलेलं, अगदी आपल्यासारखं) आणि ब्रित्स भागात तमिळ लोकांचं मुरुगनचं देऊळ. फोटो ग्रुपवर टाकले, कुणी काही बोललं नाही.

पण मला खरा धक्का बसला तो खालच्या मजल्यावरच्या तुर्की आजोबांमुळे. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलवायला सुरुवात केली, त्याच वर्षी पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मध्ये भिंत उभी राहिली आणि पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना पूर्वेकडून रोज येणारे कामगार मिळेनासे झाले, त्या ओढीत हे आजोबा १९७१ मध्ये आलेले. चाळीसेक वर्षं याच घरात. तेव्हा म्हणे भिंतीला लागून आणि विमानतळाच्या आवाजाखाली असलेल्या या भागात कुणी जर्मन राहायला तयार नसायचा म्हणून यांना जागा मिळाली. टेंपलहोफचा तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, धावपट्टीवर आता लोक पतंग उडवतात, आणि आजूबाजूची भाडी चढायला लागली. आजोबांची नात इंग्रजीत सांगायची, मुलगी मला मराठीत. त्यांनी विचारलं तुमची मुलगी खोलीचं भाडं किती देते. ७१० सांगितलं तर आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि नुसतं नातीकडे बघितलं. त्यांचं तीन खोल्यांच्या जुन्या कराराचं भाडं त्याच्या आसपासच. मग म्हणाले, घर विकलं गेलंय, नवा मालक मला स्वतःला राहायचंय म्हणून नोटीस देऊ शकतो, कायद्यात तसं आहे, मग आम्ही कुठे जायचं, तुम्ही लोक चांगले आहात, आवाज करत नाही, पण तुमच्यासारखे दोन आले की मालक आमच्याकडे बघायला लागतो.

म्हणजे आम्ही नाशकात बसून त्या लोकांना घाबरत होतो आणि ते तिथं माझ्या पोरीच्या पगाराला घाबरत होते. मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी कागदाच्या पिशवीत जर्दाळू दिले, आमच्या मंडळींनी शेंगदाण्याचे लाडू दिले, प्रश्न तिथंच राहिला.

तर संपादक महोदय, म्हणणं एवढंच की मुलांना वस्तीचं नाव सांगून घाबरवण्याऐवजी काय बघायचं ते छापा. पहिले एक-दोन महिने तात्पुरती जागा घ्या, तिथं त्याला त्स्विशेनमीटे म्हणतात, कुणी सुट्टीवर गेलं की खोली फर्निचरसकट देतं, नोंदणीचा कागद तिथंही आधीच विचारायचा, आणि तेवढ्या वेळात पायाने हिंडा, एकदा मंगळवारी दुपारी आणि एकदा शनिवारी मध्यरात्री. जिन्याखाली बघा. मुलीच्या घरी खाली चार बाबागाड्या उघड्या पडलेल्या असतात, कुणी हात लावत नाही. (सायकल मात्र अंगणातून दोनदा चोरीला गेली, कुलूप तोडून, तेव्हा सायकल वर न्यायची, चार मजले, लिफ्ट नाही.) घर रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये आहे की अंगण ओलांडून मागच्या बिल्डिंगमध्ये ते विचारा, मागे ऊन कमी पण रात्रीची झोप मिळते. फुटपाथवर जुने सोफे-गाद्या पडलेल्या दिसतील, ते घाण आहे पण धोका नाही, दोन्हींत फरक आहे. थर्टीफर्स्टला दुसरीकडे जा, मुलगी जाते. आणि माहिती तिथं राहणाऱ्या पोरींना विचारा, आमच्यासारख्या काका-मामांना नको.

जाता जाता. आमच्या मेव्हण्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, येत्या ऑक्टोबरात बर्लिनला शिकायला चाललाय. परवा मेव्हण्यांचा फोन आला, ग्रुपवर नाही, खाजगीत, की ताईच्या बिल्डिंगमध्ये एखादी खोली बघता येईल का. म्हटलं कळवतो, पण एकेका खोलीला तिथं चार मजले जिनाभर रांग असते, पोराला चांगले बूट घेऊन द्या.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सिडको, नाशिक