अंगठा सुजला की डायक्लोच का?

महोदय,
गाऊटने (रक्तात यूरिक अ‍ॅसिड वाढून होणाऱ्या सांध्याच्या आजाराने) पायाचा अंगठा लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शही सोसवेना, की आमच्या सेलूत मेडिकलवरून सुट्ट्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणायच्या, ही रीतच पडली आहे. पण डायक्लोसारखी इतर वेदनाशामकंही आहेत: इंडोमेथॅसिन दिवसातून तीनदा, तर एटोरिकॉक्सिब 120 मिलिग्रॅम एकदाच. चाचण्यांत दोन्हींचा आराम सारखाच दिसला. 2008मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत नेप्रोक्सेन हे वेदनाशामक आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही तुल्यबळ ठरली. मग निवड कशावर? दुखण्यावर नव्हे, माणसावर! हृदयविकार असेल तर एटोरिकॉक्सिब नको, साखर असेल तर स्टेरॉइड जपून. आणि आमच्याकडे मे महिन्यात उन्हात राबून अंगातलं पाणी आटलेलं, वर बीपीची गोळी चालू. अशांच्या मूत्रपिंडाला ही वेदनाशामकं महागात पडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत गोळी देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासावं, आणि मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी मागावी.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)